लेकराच्या नावाचा रकाना : खटावचा दुष्काळ आणि बालभत्त्याचा इतिहास

१/
सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला खटाव आणि माण हे तालुके पर्जन्यछायेत पडतात. तेथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. येरळेच्या काठी वसलेले वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. तेथील कचेरीच्या दाराशी दर दुष्काळात एकच प्रश्न येऊन उभा राहिला : पाऊस नाही, काम नाही, अशा वर्षी घरातल्या लेकराच्या पोटाची जबाबदारी कोणाची?

२/
या प्रश्नाचे एक उत्तर विसाव्या शतकात जगातील अनेक देशांनी दिले. त्याचे नाव सार्वत्रिक बालभत्ता. मूल जन्मले की त्याच्या संगोपनासाठी ठरावीक रक्कम दरमहा घरी येते. बाप मजूर की अधिकारी, आई कामावर जाते की घरी असते, याची चौकशी होत नाही. मूल असणे एवढीच पात्रता. भारतात असा भत्ता कधी आला नाही. तरीही या कल्पनेचे धागेदोरे खटाव तालुक्याच्या मातीतून अनेकदा गेले आहेत. या थ्रेडमध्ये त्यांचाच मागोवा.

३/
सुरुवात १८७६-७८ च्या महादुष्काळापासून. दख्खनची गावेच्या गावे ओस पडली. सरकारने ठिकठिकाणी रस्ते आणि तलावांची कामे काढली. दुष्काळाची पाहणी करण्यासाठी आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी १८७७ मध्ये मजुरीचा दर खाली आणला : पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्याइतकी रक्कम आणि वर अर्धा आणा. पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे यावर भागत नसे. मग त्याच्या घरात बसलेल्या लहानग्यांच्या वाट्याला काय येणार?

४/
मुंबई इलाख्यातील अनेक मजुरांनी या दराविरुद्ध कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदनांमागून निवेदने धाडली. वाद मजुरीचा होता. परंतु त्याच्या आत आणखी एक वाद दडला होता. सरकार मोजत होते हात; घरात होती तोंडे. मजुरी कामाला मिळते, भूक मात्र माणसागणिक लागते. हा हिशेबातला खोट पुढे दीडशे वर्षे टिकला, म्हणून तो येथेच ध्यानात ठेवावा.

५/
त्याच दुष्काळात एक प्रयत्न मुलांना मध्यभागी ठेवून झाला. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण. ते याच खटाव तालुक्यात आहे. सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ काढला. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी त्यासाठी लोकांकडे मदतीचे आवाहन केले. सावित्रीबाईही या दुष्काळात मदतकार्यासाठी गावोगाव फिरत होत्या. आश्रमात आलेल्या मुलाला अन्न मिळे ते त्याच्या भुकेसाठी. त्याच्या आईबापाने किती घनफूट माती उचलली हे त्यासाठी पाहिले जात नसे.

६/
महादुष्काळानंतर सरकारने दुष्काळ आयोग नेमला आणि १८८० च्या दशकात प्रांतोप्रांती ‘फॅमिन कोड’, म्हणजे दुष्काळ संहिता तयार झाल्या. या रुक्ष नियमपुस्तकांत एक गोष्ट विलक्षण होती. कामावरील मजुरांच्या ज्या मुलांना वयामुळे काम करणे शक्य नाही, त्यांना ‘अवलंबित’ म्हणून वेगळी मदत देण्याची तरतूद त्यांत होती. कधी शिजवलेले अन्न, कधी रोख. जरा मोठ्या मुलांना मात्र कमी मजुरीवर कामालाच लावले जाई. तरीही सरकारी हिशेबाच्या वहीत लेकराच्या नावाचा स्वतंत्र रकाना पडला, तो येथे.

७/
आता खटाव तालुक्यातच येऊ. १८९९-१९०० च्या दुष्काळाने दख्खन पुन्हा होरपळला. सरकारने तालुक्यात एक तलाव खोदण्याचे काम काढले, दुष्काळग्रस्तांना रोजगार मिळावा म्हणून. त्या कामावर रोखपाल म्हणून साताऱ्याहून एक निवृत्त लष्करी सुभेदार रुजू झाले : रामजी मालोजी सकपाळ. मजुरीचे पैसे त्यांच्या हातून जात. त्यांची मुले साताऱ्यात राहून शिकत होती. धाकट्याचे नाव भीमराव.

८/
१९०१ च्या सुमारास वडिलांकडे जाण्यासाठी ही मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. पत्र वेळेवर न पोहोचल्याने न्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच गाडीवाले त्यांना बसवून घेईनात. दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच बैल हाकायचे या अटीवर एक गाडी मिळाली, आणि रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे. त्याच्या पहिल्याच ओळींत खटाव तालुक्यातील त्या दुष्काळी तलावाची नोंद आहे.

९/
या प्रसंगाचा बोध जातिव्यवस्थेविषयी आहे, आणि तो तसाच वाचला पाहिजे. बालभत्त्याच्या इतिहासासाठी त्यातून आणखी एक गोष्ट हाती येते. त्या मुलांच्या खिशात भाड्याचे पैसे होते, बाप सरकारी नोकरीत होता, अंगावर बरे कपडे होते. तरी पाणी मिळाले नाही. मदत ‘योग्य’ माणसाला द्यायची आणि योग्य कोण हे दारात उभ्या असलेल्याने ठरवायचे, अशी रीत असेल तर दुर्बळाचे मूल दारातूनच परत जाते. हक्क सर्वांचा असेल तर दारात उभ्या असलेल्याची ही सत्ता संपते.

१०/
पुढे हाच भीमराव मुंबई कायदे मंडळाचा सदस्य झाला. जुलै १९२८ मध्ये कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक मंडळासमोर आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. मूल वाढवणे हे एका घराचे खासगी ओझे आहे की समाजाचे सामायिक काम, हा वाद मराठी मुलखात असा कायदे मंडळापर्यंत पोहोचला.

११/
याच काळात इंग्लंडात एलिनॉर रॅथबोन नावाची बाई हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवू पाहत होती. पहिल्या महायुद्धात लिव्हरपूल शहरात सैनिकांच्या कुटुंबांना भत्ता वाटण्याच्या कामात ती होती. हा भत्ता सैनिकाच्या बायकोच्या हाती पडे आणि जितकी मुले तितका तो वाढे. बाप आघाडीवर, महागाई वाढलेली; तरी अनेक गरीब घरांतील मुलांची तब्येत सुधारताना तिने पाहिली. पैसा आईच्या हाती आणि मुलांच्या संख्येप्रमाणे आला की तो थेट ताटात उतरतो, हा धडा तिने तेथे घेतला.

१२/
१९२४ मध्ये तिने ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील युक्तिवाद साधा आहे. मजुरी कामावरून ठरते. मालक अविवाहित तरुणाला आणि चार मुलांच्या बापाला एकच दर देतो. म्हणून मजुरी वाढवून बालदारिद्र्य हटत नाही. चार मुलांना पुरेल इतकी मजुरी सर्वांना देणे कारखान्याला झेपत नाही आणि एकट्याला पुरेल इतकी दिली तर चार मुले उपाशी राहतात. उपाय एकच : मजुरी कामाला, भत्ता मुलाला. ही बाई पुढे खासदार झाली, १९३२ मध्ये भारतातही येऊन गेली आणि येथील बालविवाहावर १९३४ मध्ये तिने पुस्तक लिहिले.

१३/
आता १९४२ साल. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. पुढे होते वडगावचे परशुराम घार्गे. कचेरीवर तिरंगा लावायचा एवढा निर्धार. पोलिसांनी गोळीबार केला. घार्गे आणि त्यांचे अनेक साथी हुतात्मा झाले. तालुक्याच्या ठिकाणची कचेरी म्हणजे गावकऱ्यांना दिसणारे सरकार. दुष्काळात तेथेच दाद मागायची, सारा तेथेच भरायचा. ‘हे सरकार आमचे नाही’ हे सांगण्यासाठी लोक तेथेच गेले, यात नवल नव्हते.

१४/
त्या गोळीबारानंतर तीन महिन्यांच्या आत, डिसेंबर १९४२ च्या आरंभी, लंडनमध्ये एक सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला आणि तो विकत घेण्यासाठी रांगा लागल्या. लेखक विल्यम बेव्हरिज. आयसीएस अधिकाऱ्याचा मुलगा, जन्म बंगालमधील रंगपूरचा. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कोणीही दारिद्र्यात राहू नये यासाठी त्याने आराखडा मांडला. त्यातील पहिले गृहीतकच होते : प्रत्येक मुलामागे भत्ता. ज्या साम्राज्याच्या गोळ्या वडूजच्या चौकात सुटल्या, ते आपल्या घरच्या लेकरांसाठी त्याच वर्षी हा विचार करत होते.

१५/
बेव्हरिजचे कारण व्यवहारी होते. बेकाराला मदत देताना मुले मोजायची आणि काम करणाऱ्याला मजुरी देताना मोजायची नाहीत, असे केले तर मोठ्या कुटुंबाला काम मिळाल्यावर उत्पन्न घटू शकते. म्हणून बालभत्ता काम असो वा नसो, सारखाच मिळाला पाहिजे. १९४५ मध्ये कायदा झाला : पहिले मूल वगळून प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग. विधेयकात पैसे बापाला देण्याची तरतूद होती. रॅथबोनने कडाडून विरोध केला आणि ते आईला मिळू लागले. ६ ऑगस्ट १९४६ रोजी वाटप सुरू झाले. ते पाहायला रॅथबोन नव्हती. त्याच वर्षी २ जानेवारीला ती वारली होती.

१६/
स्वतंत्र भारताने दुसरी वाट धरली. संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत कलम ४१ ने काम, शिक्षण आणि बेकारीसारख्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य यांचा उल्लेख केला. कलम ४७ ने पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. मात्र ही तत्त्वे न्यायालयातून वसूल करता येत नव्हती. गरीब देशाने आधी उत्पादन वाढवावे, भत्ते नंतर पाहू, असा त्या काळचा कल होता. मग १९७० ते ७३ अशी वर्षे आली, की ‘नंतर’ म्हणायला सवडच उरली नाही.

१७/
१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मृतीत अजून ताजा आहे. सलग कमी पाऊस, विहिरी कोरड्या, जनावरे बाजारात मातीमोल. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे अशी कामे राज्यभर निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. परदेशातून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, रेशनवर मिळे. सुकडी वाटली जाई. त्या पिढीतील आजी-आजोबांना विचारले तर मिलोच्या भाकरीची चव आणि सुकडीचा वास आजही सांगता येतो.

१८/
एवढ्या भीषण टंचाईत १८७७ सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. अभ्यासक याचे श्रेय या कामांना देतात : हाती मजुरी आली, तिच्यामुळे बाजारातील धान्य विकत घेता आले. कामावर घेताना फारशी छाननी नव्हती. उन्हात खडी फोडायला जो येतो तो गरजू, एवढी खूण पुरेशी मानली गेली. जात, शेतीचा उतारा, उत्पन्नाचा दाखला यांपैकी काहीच कामाच्या आड येऊ नये, हे त्यामागचे तत्त्व होते.

१९/
या तत्त्वाला कायमचे रूप देणारा माणूस सांगली जिल्ह्यातला. वि. स. पागे, तासगाव तालुक्यातील विसापूरचे. स्वातंत्र्यसैनिक आणि १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम देता येते का, याचा प्रयोग त्यांनी आपल्याच तालुक्यात १९६० च्या दशकात करून पाहिला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ मध्ये रोजगार हमी योजना स्वीकारली. दुष्काळी कामे संपल्यावर ती जोमाने सुरू झाली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

२०/
पैसा कोठून आला, हे या योजनेतले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण. तिच्यासाठी खास कर बसवले गेले. त्यांतला एक आजही प्रत्येक पगारपत्रकावर दिसतो : व्यवसाय कर. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० ही त्याची आजची कमाल रक्कम. मोटारगाड्या, विक्रीकर, बागायती जमीन यांवरही अधिभार आला आणि जेवढी रक्कम जमेल तेवढीच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. मुंबईच्या पगारातून खटाव-माणच्या बांधाला पैसा गेला. सर्वांकडून थोडे घेऊन मागेल त्याला देणे, ही रचना महाराष्ट्राने स्वतः उभी करून दाखवली.

२१/
रोहयोचे नियमही हक्काच्या भाषेत होते. नमुना ४ भरून काम मागायचे. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता. सज्ञान असणे आणि अंगमेहनतीची तयारी एवढ्याच अटी. तहसील कचेरी आता हुकूम देणारी उरली नाही. तिला उत्तर देणे भाग होते. पण १८७७ चा तो खोट येथेही शिरला. दुष्काळ संहितेत अवलंबित मुलांचा जो रकाना होता, तसा रोहयोच्या मजुरीत नव्हता. मोजमाप मातीचे होते. मस्टरवर लेकराचे नाव नव्हते.

२२/
समजण्यासाठी एक कल्पित हिशेब करू. एकाच बांधावर दोन जोडपी. दोन्ही घरांची मजुरी सारखी, समजा आठवड्याला १०० रुपये. पहिल्या घरात माणसे दोन : माणशी ५० रुपये. दुसऱ्या घरात नवरा-बायको, तीन मुले आणि म्हातारी आई, असे सहा जण : माणशी १७ रुपयेही नाहीत. शिवाय दुसऱ्या घरातील बाईला दर दोन तासांनी तान्ह्याला पाजायला जावे लागते. खड्डा कमी होतो, मजुरी आणखी घटते. काम मागण्याचा हक्क दोघांना समान. दारिद्र्य मात्र मुले असलेल्या घरातच साचते. रॅथबोनने लिव्हरपूलमध्ये पाहिलेले चित्र ते हेच.

२३/
योजनाकारांना याची जाणीव नव्हती असे नाही. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि मुलांसाठी पाळणाघर असावे, असा नियम होता. प्रत्यक्षात अनेक कामांवर पाळणाघर म्हणजे बाभळीला बांधलेली लुगड्याची झोळी आणि तिच्याशेजारी बसवलेली सात-आठ वर्षांची थोरली बहीण. तान्हे सांभाळण्याच्या त्या कामाची मजुरी कोणी मोजली नाही. तिची चुकलेली शाळाही नाही. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तेथे सांभाळणाऱ्या बाईला मजुरी द्यावी असे लिहिले, ते याच अनुभवातून.

२४/
हिशेबात मूल हरवण्याचे दुसरे उदाहरण ऊसतोडीचे. दुष्काळी टापूतील मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या फडांवर जातात. तेथे मोजणी ‘कोयत्या’ने होते, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर, हिशेब टनावर. बैलगाडीत वा ट्रॅक्टरात मुलेही बसलेली असतात, पण ती कोणत्याच आकड्यात नसतात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. गावी मिळणारी मदत गावातच राहते आणि मूल फडावर जाते.

२५/
या सगळ्या इतिहासात खऱ्या अर्थाने सार्वत्रिक ठरलेली एक गोष्ट म्हणजे शाळेतील जेवण. १९९५ मध्ये केंद्राने ही योजना आणली तेव्हा बहुतेक ठिकाणी महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ मिळे, तोही ८० टक्के हजेरी असेल तर. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या खटल्यात आदेश दिला : सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला शिजवलेले जेवण, किमान ३०० उष्मांकांचे. पंगतीत बसताना रेशनकार्डाचा रंग विचारला जात नाही. धनकवडीच्या आश्रमातील तत्त्व सव्वाशे वर्षांनी कायद्याच्या बळाने शाळेच्या ओसरीवर आले.

२६/
रोख मदतीचा इतिहास मात्र अटींचा आहे. महाराष्ट्रात १९९२ पासून पहिली ते चौथीच्या, विशिष्ट समाजघटकांतील गरीब मुलींना हजेरीमागे रोज १ रुपया भत्ता मिळू लागला; महागाई कितीतरी पट वाढली, रुपया वर्षानुवर्षे रुपयाच राहिला. २०२३ मध्ये ‘लेक लाडकी’ योजना आली : जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठराव्या वर्षी ७५,००० रुपये, एकूण १,०१,०००. ती पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेसाठी आहे. १ लाखाची उत्पन्नमर्यादा आणि कुटुंबनियोजनाची अट आहे. २०२४ ची ‘लाडकी बहीण’ महिन्याला १,५०० रुपये देते, पण घरात मुले किती हे त्यात मोजले जात नाही.

२७/
अट घातली की दाखला आला, दाखला आला की कचेरी आली. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे जाते. पावसावर जगणाऱ्या घराचे उत्पन्न तरी कोणत्या वर्षाचे धरायचे? ज्या वर्षी ज्वारी आली त्या वर्षीचे, की ज्या वर्षी चारा छावणी उघडली त्या वर्षीचे? निवडक मदतीत दोन प्रकारच्या चुका होतात : नको त्याला मिळते आणि हवे त्याला मिळत नाही. पहिल्या चुकीची वर्तमानपत्रात बातमी होते. दुसऱ्या चुकीचे मूल गप्प बसते.

२८/
सार्वत्रिक भत्त्याविरुद्धचे आक्षेपही नीट ऐकले पाहिजेत. पहिला खर्चाचा : कोट्यवधी मुलांना थोडी रक्कम द्यायची तरी आकडा प्रचंड होतो आणि तोच पैसा अंगणवाडी, शाळा, दवाखाना यांना हवा असतो. दुसरा न्यायाचा : श्रीमंताच्या मुलाला कशाला? ब्रिटनने १९७७ पासून पहिल्या मुलालाही भत्ता दिला, परंतु जानेवारी २०१३ पासून जास्त पगार असणाऱ्यांकडून तो कराच्या रूपाने परत घेणे सुरू केले. देताना सर्वांना, परत घेताना ऐपतवाल्यांकडून : गरिबाला दाखल्याच्या रांगेत उभे न करता हा हिशेब जुळवण्याचा तो एक मार्ग.

२९/
तिसरा आक्षेप असा, की भत्त्यामुळे मुले वाढतील. आपल्याकडच्या योजनांतील ‘दोन अपत्ये’ छापाच्या अटी याच भीतीतून आल्या. पण या अटीचा भार पडतो तो तिसऱ्या लेकरावर, ज्याने जन्माला येण्याचा निर्णय घेतलेला नसतो. आक्षेप मानायचा की नाही हे धोरणकर्त्यांनी ठरवावे; इतिहास एवढेच दाखवतो, की शिक्षा कोणाला होते हे पाहिल्याशिवाय अट लिहू नये. १८७७ मध्ये टेंपल यांनीही काटकसरीचाच विचार केला होता.

३०/
खटाव तालुक्याच्या या दीड शतकात तीन हिशेब दिसतात. कामाचा हिशेब : माती मोजा, मजुरी द्या. गरिबीचा हिशेब : दाखला आणा, मदत न्या. आणि तिसरा, भुकेचा हिशेब : मूल आहे, ताट वाढा. पहिल्याने १९७२ मध्ये लाखोंचे प्राण वाचवले, त्याचे मोल कमी नाही. दुसऱ्याने काहींना हात दिला आणि काहींना परत पाठवले. तिसरा आजवर फक्त शाळेच्या पंगतीपर्यंत पोहोचला आहे. शाळेला सुट्टी लागली की तो थांबतो.

३१/
पाग्यांनी ‘मागेल त्याला काम’ म्हटले तेव्हा ते अशक्य वाटत होते. पैसा कोठून येणार, लोक आळशी होतील, देशात कोठेच असे नाही : सगळे आक्षेप तेव्हाही घेतले गेले. महाराष्ट्राने कर लावला, कायदा केला आणि तीन दशकांनी देशाने तो उचलला. ‘जन्मेल त्याला आधार’ हा विचार त्याच रांगेत उभा आहे. लेकराच्या नावाचा रकाना सरकारी वहीत एकदा पडला होता, तोही परक्या सरकारच्या वहीत, फक्त दुष्काळापुरता. आपल्या सरकारच्या वहीत तो बारमाही असावा का, हा प्रश्न वडूजच्या कचेरीपाशी अजून उत्तराची वाट पाहत आहे.